लिटनसाहेबाच्या अंगणात

आधी खिसे रिकामे करा. फोन इथेच राहू दे. मनगटावरचं ते पावलं मोजणारं घड्याळही काढा. जीन्स, सुती शर्ट आणि मळले तरी जीव हळहळणार नाही असे बूट, एवढं पुरे. दिवसभर गवतावर बसायचं आहे आणि संध्याकाळभर उभं राहायचं आहे. पैसे मात्र त्याच काळातले हवेत. एक पौंडाची नोट अजून चालते, तिच्या पाठीवर न्यूटन आहे. पाच पौंडांच्या नोटेवर ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हा तोच आर्थर वेलस्ली, ज्यानं १८०३ मध्ये आपल्या जालन्याकडच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. त्याची चौघडी करा आणि मागच्या खिशात कोंबा. दुपारी त्याच्या बदल्यात बिअर घेऊ.

तारीख ९ ऑगस्ट १९८६, वार शनिवार. आपल्याकडे आज क्रांतिदिन. इथे तुम्ही लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत चढताय, आणि डब्यातल्या निम्म्या पोरांच्या छातीवर क्वीन या बँडचं नाव आहे.

तुम्ही म्हणाल, काळात मागे जायची मुभा एकदाच मिळणार असेल तर लाइव्ह एड का नाही? आदल्या वर्षीची, १३ जुलै १९८५ ची, वेम्बलीवरची ती एकवीस मिनिटं? नको. ती तुम्हाला पाठ आहेत. फ्रेडी मर्क्युरी पियानोवरून कधी उठतो, कॅमेरा कधी वळतो, पियानोवर पेप्सीचे कागदी पेले कसे मांडलेत, सगळं. पाठ असलेलं पाहायला एवढा खटाटोप कशाला? या १९८६ च्या दौऱ्यातला वेम्बलीचा कार्यक्रम चित्रित झालाय, बुडापेस्टचाही. आपण निघालोय त्या नेबवर्थच्या कार्यक्रमाची संपूर्ण चित्रफीत मात्र कधी प्रकाशित झाली नाही. इकडचे तिकडचे तुकडे आहेत, थोडं ध्वनिमुद्रण आहे, बाकी ज्यानं पाहिलं त्यानं पाहिलं. वेम्बलीची तिकिटं हातोहात खपली म्हणून दौऱ्याच्या शेपटाला जोडलेला हा कार्यक्रम. जूनमध्ये स्टॉकहोमला सुरू झालेल्या २६ कार्यक्रमांतला शेवटचा.

चौघांनी मिळून केलेलाही शेवटचा. हे त्या डब्यात फक्त तुम्हाला माहीत आहे. समोरचा पोरगा सँडविच खातोय.

स्टीव्हनेजला उतरा आणि गर्दी नेईल तिकडे चला. शेजारच्या ए-वन महामार्गावर गाड्या खोळंबल्यात, लोक खिडकीतून पाय बाहेर काढून बसलेत, एकाच गाण्याच्या कॅसेटी वेगवेगळ्या गाड्यांत वेगवेगळ्या ओळींवर चालल्या आहेत. मग झाडांच्या वर बुरूज दिसायला लागतात. नेबवर्थ हाउस. कंगोरे, मनोरे, छपराच्या कडेला वाकलेले दगडी विचित्र प्राणी. आणखी तीन वर्षांनी बॅटमॅनच्या सिनेमात ब्रूस वेनचा वाडा म्हणून हाच दिसेल.

इथे मात्र जरा थांबा, कारण या वाड्याशी आपलं जुनं देणंघेणं आहे. याचा एके काळचा मालक रॉबर्ट लिटन १८७६ ते १८८० हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. हो, तोच. शाळेच्या इतिहासात देशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा १८७८ मध्ये आणतो, तो लिटन. घरी तो कविताही करायचा, ओवेन मेरेडिथ या नावानं. सत्तेवर बसलेल्या कवींबद्दल माझं मत त्याच्यामुळेच कायमचं बिघडलं. १ जानेवारी १८७७ ला त्यानं दिल्लीत दरबार भरवला आणि व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर केलं. राजे-महाराजे, हत्ती, तोफा, मेजवान्या. त्याच महिन्यांत दख्खन दुष्काळात होरपळत होतं. सोलापूर, नगर, साताऱ्याच्या पूर्वेकडचे कोरडे तालुके, तिथली माणसं गावं सोडून निघाली होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, त्या दरबारात गेले ते खादी घालून. जरीच्या आणि हिऱ्यांच्या गर्दीत हातच्या सुताचा एक माणूस.

काकांचा तो पोशाख ध्यानात असू द्या. आज रात्री याच लिटनच्या अंगणात दुसरा एक पोशाख येणार आहे, आणि गंमत म्हणजे त्याची वाट सातारा जिल्ह्यातून येते.

वाडा अजून लिटनच्या वारसांकडेच आहे. एवढ्या थोरल्या घराची छपरं सांभाळायची म्हणजे पैसा लागतो, म्हणून १९७४ पासून हे मैदान रॉक बँडना मिळतं. पिंक फ्लॉइड येऊन गेले, रोलिंग स्टोन्स येऊन गेले, १९७९ च्या ऑगस्टमध्ये लेड झेपेलिन. साम्राज्य गेलं की माणसं अंगण भाड्यानं देतात.

मैदान मंचाकडे अलगद उतरतं. म्हणून मागे बसलेल्यालाही दिसतं; म्हणजे काय, तर लांबवर काडेपेटीएवढा मंच आणि त्यावर मोठा पडदा. अधिकृत आकडा १,२०,०००. त्याहून कितीतरी जास्त होते असं सांगणारेही पुढे भेटतील. तुम्ही मोजायला जाऊ नका, आधी स्वच्छतागृहाची रांग पाहा. ती पाहिल्यावर आकड्यावर विश्वास बसतो. रांगेला कंटाळलेले लोक प्लॅस्टिकच्या बाटल्यांत काय भरतात आणि त्या बाटल्या दुपारभर डोक्यांवरून का उडत असतात, हे तुम्हाला तिसऱ्या बाटलीला कळतं. तोवर वेलिंग्टनसाहेब बिअरवाल्याच्या गल्ल्यात गेलेले असतात.

या एवढ्या गर्दीत तुमच्या रंगाचे चेहरे फार नाहीत. हा ऐंशीच्या दशकातला इंग्लंड आहे. रस्त्यावरून जाताना ‘पाकी’ म्हणून शिवी ऐकू येण्याचे दिवस. आदल्या वर्षी बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमध्ये आणि लंडनच्या ब्रॉडवॉटर फार्ममध्ये दंगली झाल्यात. तुम्ही जरा अंग चोरूनच सतरंजी पसरता. शेजारी लालबुंद खांद्यांचा एक मध्यमवयीन माणूस घडीची खुर्ची टाकून बसलाय. तो तुमच्याकडे बघतो, पुन्हा बघतो.

“इंडिया?”

तुम्ही मान हलवता.

“तो तुमचा वेंगसरकर,” तो म्हणतो, “त्याला जरा सांगा ना लॉर्ड्सवर येऊ नको म्हणून.”

तेव्हा तुम्हाला आठवतं. हाच तो उन्हाळा! जूनमध्ये दिलीप वेंगसरकरनं लॉर्ड्सवर नाबाद १२६ केल्या, तिथलं त्याचं लागोपाठ तिसरं शतक. मग लीड्सला नाबाद १०२. कपिलचा संघ इंग्लंडमध्ये मालिका २-० नं जिंकून परतला. शिवाजी पार्क-हिंदू कॉलनीच्या पुण्याईवर तुम्हाला सतरंजीभर जागा मिळते, वर अर्धं सँडविच. त्याला सांगावं का? की तुम्ही ज्याच्यासाठी सकाळपासून उन्हात बसलायत, तोही आमच्याकडचा आहे. फारुख बलसारा. जन्म झांझिबारचा, आईबाप बलसाडकडचे पारशी, आणि वयाच्या आठव्या वर्षापासून मुक्काम पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. सुट्टीत मुंबईला मावशीकडे. तुम्ही सांगून टाकता.

“नाही हो,” तो हसतो. “तो पर्शियन आहे. मी वाचलंय.”

वाचलंय म्हटल्यावर बोलणं खुंटलं. फ्रेडीनंही हा घोळ कधी फार सोडवला नाही. १९६४ मध्ये झांझिबारच्या क्रांतीनंतर बलसारा कुटुंब लंडनजवळच्या फेल्टमला आलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पुढे ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकला, क्वीनचं बोधचिन्ह स्वतः काढलं आणि आडनाव बदललं. मागचं दार त्यानं लावून घेतलं. त्या काळातल्या त्या देशात ते दार उघडं ठेवून एवढ्या मोठ्या मंचावर पोचता आलं असतं का, हे त्या लालबुंद खांद्यांच्या भल्या माणसाला विचारण्यात अर्थ नाही. स्वतःला विचारा.

दुपार पुढे सरकते. बेलुई सम येऊन जातो. बिग कंट्री येतात, त्यांची गिटार स्कॉटिश बॅगपाइपसारखी वाजते. स्टेटस क्वो येतात आणि सगळं मैदान गुडघ्यात हलायला लागतं. त्यांची सगळी गाणी सारखीच वाटतात ही तक्रार इंग्लंडभर आहे आणि ती सगळ्यांना तोंडपाठही आहेत. मधेच डोक्यावरून हेलिकॉप्टर जातं. त्याच्या अंगावर नव्या तबकडीवरची व्यंगचित्रं रंगवली आहेत. एक लाख वीस हजार माना वर होतात. आत ते चौघे आहेत. रस्ते असे तुंबलेत की त्यांनाही दुसरा मार्ग नव्हता.

इंग्लंडातला ऑगस्टचा दिवस लांबत लांबत जातो. उजेड मऊ पडायला लागतो तेव्हा लोक सतरंज्या गुंडाळतात आणि नकळत सगळे दहा पावलं पुढे सरकतात. तुम्हीही. आता शेजाऱ्याचं कोपर तुमच्या बरगडीत आहे आणि पुढच्या मुलीचे केस तुमच्या तोंडात. मंचावर धूर सुटतो. टेपवरून खोल, ताणलेला सुरांचा गडगडाट. मग ब्रायन मेच्या गिटारचा पहिला आघात.

तो कानाला लागत नाही, छातीला लागतो. घरच्या स्पीकरनं तुम्हाला आजवर फसवलं होतं, हे एवढ्यात कळतं. ही गिटार ब्रायननं पोरवयात वडिलांबरोबर घरी बनवली. तिची मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून निघाली, आतल्या स्प्रिंगा मोटरसायकलच्या. ती तो वाजवतो सहा पेन्सच्या जुन्या नाण्यानं. नाण्याची कड तारेवर घासते तेव्हा सुराला बारीक कडकड येते, आणि लांब उभं राहूनही ती तुम्हाला ऐकू येते. ड्रमवर रॉजर टेलर. त्याचं टिपरू खाली पडताना पडद्याशिवायही दिसतं, पण आवाज मागून येतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि तुम्ही मंचापासून दीड-दोनशे मीटरवर. डोळा आणि कान यांच्यात अर्ध्या सेकंदाची फारकत. पहिली दोन गाणी त्याचा त्रास होतो. मग मेंदू तो नाद सोडून देतो.

आणि तो येतो. पांढरी विजार, बाजूनं पट्टा, वर बक्कलांचं लष्करी थाटाचं आखूड जाकीट, हातात माइकचा अर्धाच दांडा. सुरुवातीच्या दिवसांत एकदा दांडा मधून मोडला आणि त्यानं तो तसाच ठेवला. या क्षणी तो ३९ वर्षांचा आहे, पुढच्या महिन्यात चाळिशी. तबकडीवरच्या काही उंच जागा तो आज घेत नाही. गळ्याला गाठींचा जुना त्रास आहे. दौऱ्यात रोज गायचं म्हणजे आवाज राखून खर्च करावा लागतो. अशा जागी तो चाल खाली वळवतो आणि वरचा सूर मागून रॉजर उचलतो, इतक्या सफाईनं की शेजाऱ्याला कळतही नाही. तबकडीशी ताडून पाहणाऱ्यांची यामुळे निराशा होते म्हणे. मला यातच मजा वाटते. हातात किती आहे हे ओळखून मांडणाऱ्या गवयाचं शहाणपण पाहायलाच तर माणूस प्रत्यक्ष जातो.

आता तो ते करतो, ज्यासाठी तुम्ही आलात. वाद्यं थांबतात. तो एक सूर टाकतो, साधा, अर्थ नसलेला. मैदान परत करतं. तो त्याला गाठ मारतो. मैदान गाठीसकट परत करतं. तो वर जातो, वळसा घेतो, मध्येच तोडतो, नाकातून काढतो. गुरूनं जागा सांगावी आणि शिष्यानं ती गिरवावी, तशी तालीम चालली आहे. शिष्य तेवढे एक लाख वीस हजार, आणि त्यांतले निम्मे प्यायलेले. शेवटी तो एक अशक्य तान फेकतो, सगळे गडगडतात, तो लाडिक शिवी हासडतो आणि सगळे खूष. तुमचा स्वतःचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही. घसा दुखतोय म्हणजे तुम्ही गाताय, एवढंच.

या सगळ्यात जॉन डीकन कोपऱ्यात. तोकडी विजार, हातात बास गिटार, चेहऱ्यावर शेजाऱ्याच्या लग्नाला आल्याचा भाव. चौघांतला सगळ्यात अबोल, शिक्षणानं इलेक्ट्रॉनिक्सवाला. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हे त्याचं गाणं, ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’ही त्याचंच. अख्खं मैदान त्याच्या बासच्या तीन-चार सुरांवर उड्या मारतं आणि तो, अपघात घडवून बाजूला उभा राहिल्यासारखा, ते बघत असतो. १९९७ नंतर तो हे सगळं सोडून घरी बसेल आणि परत येणार नाही. ब्रायन मे राहिलेली पीएचडी पुरी करेल, २००७ मध्ये, ग्रहांच्या कक्षांमधल्या धुळीवर. पण हे काय चाललंय? गाणं ऐकायला आलात की भविष्य वाचायला?

खरी पंचाईत इथे आहे. ‘हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरएव्हर’ सुरू होतं. ब्रायननं हे ‘हायलँडर’ सिनेमासाठी लिहिलं, एका न मरणाऱ्या माणसाच्या कथेसाठी. पुढची मुलगी प्रियकराच्या खांद्यावर डोकं टेकवते. तुम्ही मात्र हिशेब करताय. फ्रेडीच्या आजाराचं निदान पुढच्या वर्षी. २४ नोव्हेंबर १९९१ ला तो जाईल, ४५ व्या वर्षी. पारशी धर्मगुरू अंत्यविधी करतील आणि इंग्लंडला त्याच्या मुळाचा पत्ता तेव्हा लागेल. गर्दीतही तुम्ही चेहरे शोधू लागता, कारण तुम्हाला आणखी एक ठाऊक आहे: आज या मैदानात एका तरुण चाहत्याला भोसकलं जाणार आहे आणि तो वाचणार नाही. कुठे उभा आहे तो? सगळे सारखेच दिसतात. सगळ्यांचे दंड उन्हानं भाजलेले, सगळ्यांची तोंडं उघडी. तुम्ही काही करू शकत नाही. या मैदानात सगळ्यात जास्त माहिती तुम्हाला आहे, म्हणून सगळ्यात कमी गाणं तुमच्या वाट्याला येतंय.

त्यातून सोडवतो तो ब्रायनच. विजेची गिटार ठेवतो आणि साधी लाकडी घेतो. फ्रेडी स्टुलावर टेकतो. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ त्यानं म्हणायचं असतं पण म्हणतात लोक. तो नुसता हात फिरवतो. फोन नसल्यानं हवेत लायटरच्या ज्योती आहेत, आणि अंगठा भाजला की त्या विझतात, मग दुसरीकडे पेटतात.

मग चौघे पुढे येऊन जवळजवळ उभे राहतात, कोपऱ्यावर गप्पा मारायला जमल्यासारखे, आणि जुनी गाणी काढतात. क्वीनची नव्हेत. एल्व्हिसचं एक, रिकी नेल्सनचं एक आणि लिटल रिचर्डचं ‘टूटी फ्रूटी’. लोकांना ही विश्रांती वाटते. काही जण बिअर आणायला निघतातही. तुमचा शेजारी खुर्चीत बसून बूट काढतो.

तुम्ही मात्र जागचे हलू नका. चाळीस मिनिटांच्या प्रकाशझोतांपेक्षा मला ही दहा मिनिटं मोलाची वाटतात. कारण हीच ती गाणी. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीला पाचगणीत, धुकं खाली उतरल्यावर शाळेच्या सभागृहात पाच पोरांचा एक बँड वाजवायचा, नाव ‘द हेक्टिक्स’. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, असलं सगळं. फारुखला तोवर फ्रेडी हे नाव पडलं होतं. तो पियानोवर बसायचा. मुख्य गायक दुसराच मुलगा होता, ब्रूस मरे. आज त्या पियानोवाल्या पोरापुढे लाखभर माणसं आहेत आणि तो पुन्हा तेच वाजवतोय, जे टेबललँडच्या सावलीत वाजवत होता. या गाण्यात त्याला गळा राखावा लागत नाही, वेष सांभाळावा लागत नाही. तो हसतो, सुटा हसतो, पुढचे दात दिसतील असा; एरवी हसताना तो ते ओठांनी झाकायला बघतो. दहा मिनिटं लिटनच्या अंगणात पाचगणीचं गॅदरिंग चालतं, आणि हे ज्याला कळू शकेल असे मैदानात तुम्ही एकटेच असाल. आता वेंगसरकरवाल्याला काही सांगू नका. त्यानं वाचलंय.

पुढचं भराभर होतं. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा ऑपेराचा तुकडा प्रत्यक्ष गाता येण्यासारखा नाही, तिथे ते सरळ टेप लावतात, मंच रिकामा सोडून आत जातात, आणि लोक त्या रिकाम्या मंचालाही दाद देतात. ही लबाडी मला मान्य आहे. मग चौघे धावत परत. ‘रेडिओ गा गा’ला सगळे हात वर जातात आणि टाळ्या पडतात, पण एकदम पडत नाहीत. पुढच्यांना ताल आधी पोचतो, मागच्यांना नंतर, म्हणून हातांची लाट मंचाकडून सुरू होऊन उतार चढत तुमच्या अंगावर येते, तुमच्यातून जाते आणि मागे डोंगरासारख्या गर्दीत विरते. हे कुठल्याही चित्रफितीत असं दिसणार नाही. यासाठी लाटेच्या आत उभं राहावं लागतं. आपण पाच वर्षं पुढचा हिशेब करत होतो, हे तुम्ही केव्हा विसरलात ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

दोन वेळा पाय, एकदा टाळी. १९७७ मध्ये स्टॅफर्डच्या बिंग्ली हॉलमध्ये लोक कार्यक्रम संपल्यावरही आपापलं गाणं म्हणत राहिले, त्यावरून ब्रायनला सुचलं की प्रेक्षकांनाच वाद्य करावं. इथे गवत आहे, पाय आपटल्याचा आवाज होत नाही, पण जमीन हलते. बुटाच्या तळव्यातून पोटरीत येते. शेवटी विजेत्यांचं ते गाणं, एकमेकांच्या गळ्यात हात, अनोळखी घामाचा वास, वेंगसरकरवाल्याचा भाजलेला खांदा तुमच्या खांद्याला.

आणि मग तो पोशाख. ब्रायनच्या गिटारवर बांधलेली ब्रिटिश राष्ट्रगीताची टेप लागते आणि फ्रेडी आतून येतो तो लाल मखमली झूल ओढत. कडेला पांढरी लव, खोटी. डोक्यावर राज्याभिषेकाच्या मुकुटासारखा मुकुट, तोही खोटा, काचेच्या खड्यांचा. डायना मोझली या वेशभूषाकारानं या दौऱ्यासाठी केलेला. २०२३ मध्ये लंडनच्या सदबीजमध्ये त्या जोडीला ६,३५,००० पौंड मिळतील. तो मुकुट काढून उंच धरतो, मैदानाकडे वळवतो. झाडांपलीकडे त्या माणसाचा वाडा आहे ज्यानं दिल्लीत असल्याच थाटाचा दरबार भरवून खऱ्या मुकुटाची द्वाही फिरवली होती. त्या दरबारात सार्वजनिक काकांनी खादी घालून जे केलं, त्याचं दुसरं टोक मला इथे दिसतं. काकांनी भपक्याला नकार दिला. या पारशी पोरानं सगळा भपका अंगावर घेतला, त्याच्या कडेला खोटी लव लावली आणि लाखभर इंग्रजांना त्याच्यासमोर राष्ट्रगीत म्हणायला लावलं. त्याच्या मनात यातलं काही होतं असं मी म्हणत नाही. त्याला बहुधा ती झूल छान दिसते एवढंच पुरेसं होतं. पारशी नाटक मंडळ्यांच्या मुंबईत सुट्ट्या घालवलेल्या पोराला पोशाखाचं वेड कुठून आलं, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही, असा आपला माझा तर्क.

टेप अजून संपायची आहे, आणि लोक वळायला लागलेत. कुठल्याही देशात असंच. गाडी आधी काढली नाही तर पहाट होईल, हा विचार लाखभर डोक्यांत एकाच वेळी आलाय. मागून धक्के सुरू होतात. वेंगसरकरवाला खुर्ची घडी करतो, बूट शोधतो, एकच सापडतो, दुसरा तुमच्या सतरंजीखाली. तो जरा चिडलेला आहे.

“‘समबडी टू लव्ह’ म्हटलंच नाही,” तो म्हणतो. “‘किलर क्वीन’ नाही. ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’ तर सात वर्षांत म्हटलेलं नाही. आणि ती टूटी फ्रूटी कशाला? त्या वेळात दोन गाणी झाली असती.”

पुढच्या रांगेतली मुलगी वळून त्याच्याशी भांडायला लागते. तिच्या मते ‘किलर क्वीन’पेक्षा टूटी फ्रूटीच बरी. तो म्हणतो, तुला काय कळतं, मी ह्यांना ७४ पासून ऐकतोय. ती म्हणते, मग पुढच्या वेळी त्यांना यादी लिहून पाठवा. तो म्हणतो, पाठवणारच आहे. दोघं भांडत भांडत चिखलातून गाड्यांच्या दिशेनं चालायला लागतात, आणि दुसरा बूट अजून तुमच्या हातात असल्यानं तुम्हालाही त्यांच्यामागून पळावं लागतं.